नागपूरकर भोसल्यांचे मुत्सद्दी : देवाजीपंत चोरघडे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आम्हांस एका जुन्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून देण्यास सांगितले, तेव्हा प्रथम आमच्या मनात शिवछत्रपती, बाजीराव अशी नेहमीची नावे आली. परंतु त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. शिवाय आमची सारी नोकरी ह्या झाडीपट्टीतील शाळांत गेली. इतिहासाचा तास घेताना आमच्या लक्षात एक गोष्ट नेहमी येई. आपल्या मुलांस पुण्याचा शनिवारवाडा पाठ असतो, पण आपण ज्या परकोटाच्या आत राहतो त्या परकोटाला कोणी, कधी आणि का वेढा घातला, हे त्यांस सांगता येत नाही. म्हणून आम्ही नागपूरकर भोसल्यांचे कारभारी दिवाकर पुरुषोत्तम ऊर्फ देवाजीपंत चोरघडे ह्यांची निवड केली. ते आपल्या समाजातले नव्हेत, आणि चांदा ही त्यांची जन्मभूमीही नव्हे. तथापि चांद्याच्या नशिबाशी त्यांच्या मसलती इतक्या गुंतलेल्या आहेत की आपल्या मंडळाच्या कुटुंबांतून त्यांची ओळख असणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दुसरेही एक कारण आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मराठेशाहीतील साडेतीन शहाण्यांचा धडा शिकवीत असता मागच्या बाकावरील एका मुलाने आम्हांस विचारले होते की, नागपूरकरांजवळ एवढा शहाणा कारभारी होता तर त्यांच्या हातून कटक गेले कसे, वऱ्हाड गेले कसे, आणि शेवटी चांद्याच्या तटावर इंग्रजांचे निशाण चढले कसे? आम्ही त्यास वेळ मारून नेण्यासारखे काहीतरी उत्तर दिले व पुढचा धडा घेतला. ती टोचणी निवृत्तीनंतरही गेली नाही. पुढील मजकूर हा त्या मुलास उशिरा दिलेला जबाब आहे, असे वाचकांनी समजावे.

साडेतीन शहाणे म्हणजे कोण, हे जुन्या मंडळींस ठाऊक आहेच. पुण्याचे सखारामबापू बोकील, नागपूरचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे, आणि नाना फडणवीस हे अर्धे. नानांस अर्धे का म्हटले, तर त्यांची लेखणी चाले, तलवार चालत नसे, म्हणून. पहिले तिघे मसलतही करीत आणि प्रसंगी रणातही उभे राहत. पुढे महाराष्ट्राच्या स्मरणात राहिले ते मात्र हे अर्धे शहाणेच. बाकीच्या तिघांची नावे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येतात आणि तेथेच संपतात.

देवाजीपंत हे नरखेडच्या चोरघडे घराण्यातले. नरखेड हे नागपूर जिल्ह्यातले गाव. मूळ नाव दिवाकर, पण लोकांत देवाजी हेच रूढ झाले. इंग्रजांच्या कागदांत मात्र दिवाकर पंडित ह्या नावाने त्यांचा उल्लेख सापडतो, आणि त्यामुळे पुष्कळ वाचकांस ही दोन माणसे वाटतात.

त्यांच्या कामाचे स्वरूप समजण्यासाठी आधी नागपूरच्या राज्याची हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. पहिले रघूजी भोसले ह्यांनी देवगड, चांदा व छत्तीसगड ही जुनी राज्ये आपल्या अमलाखाली आणली. चांद्याचे शेवटचे गोंड राजे नीळकंठशहा ह्यांच्याकडून १७५१ च्या सुमारास राज्य गेले व बल्लाळशाही घराण्याचा कित्येक शतकांचा अंमल संपला. त्याच १७५१ साली बंगालचा नबाब अलिवर्दीखान ह्याने रघूजींस ओरिसा प्रांत सोडला आणि बंगालच्या चौथाईपोटी सालिना बारा लाख रुपये देण्याचे कबूल केले. वैनगंगेपासून समुद्रापर्यंत पसरलेले हे राज्य नकाशावर फार मोठे दिसते. पण त्यातील बराच भाग अरण्याचा, वस्ती विरळ आणि वसूल बेताचा. पश्चिमेस पेशवे, दक्षिणेस निजाम आणि पुढे पूर्वेस इंग्रज असे तीन बलाढ्य शेजारी. अशा राज्याला केवळ भाल्याच्या जोरावर टिकता येत नाही. त्याला शेजाऱ्यांच्या आपसातील भांडणांवर नजर ठेवूनच चालावे लागते.

रघूजींच्या काळी हे कळत नव्हते असे नाही, परंतु त्यांची रीत वेगळी होती. आधी फौज पाठवावयाची व मग बोलणे लावावयाचे. त्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर १७४२ साली बंगालवर चालून गेले. १७४४ मध्ये अलिवर्दीखानाने त्यांस तहाच्या बोलण्यास म्हणून आपल्या डेऱ्यात बोलाविले आणि तेथेच बरोबरच्या सरदारांसह दग्याने ठार केले. ह्या एका प्रसंगाने नागपूरच्या दरबाराने काय धडा घेतला असेल ह्याची कल्पना वाचकांनी करावी. पुढच्या पिढीत देवाजीपंतांच्या हाती परराज्यांचे बोलणे आले तेव्हा रीत बदलली. वकील आधी जाई, बोलणे लांबत राही, आणि फौज निघालीच तर ती सावकाश निघे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर नव्या परराष्ट्रमंत्र्याने राज्याच्या परराष्ट्रधोरणाचा कलच फिरविला. अर्थात त्या वेळी असे स्वतंत्र खाते नव्हते. कारभारी, वकील, प्रसंगी सेनानी ही सारी कामे एकाच माणसाकडे असत.

रघूजी १७५५ मध्ये वारले. त्यांस चार पुत्र. थोरले जानोजी सेनासाहेबसुभा झाले व नागपुरास राहिले. मुधोजींस सेनाधुरंधर हा किताब आणि आपला चांदा मिळाला. बिंबाजी छत्तीसगडात रतनपुरास गेले आणि साबाजींकडे वऱ्हाडातील दारव्हा आले. वाटणी झाली खरी, पण भावांतील वैर मिटले नाही. पेशव्यांनाही ते मिटावे असे वाटत नव्हते. नागपूरचे घर दुभंगलेले असणे पुण्याच्या सोयीचे होते. देवाजीपंत पुढे आले ते जानोजींच्या ह्या कारकिर्दीत.

१७६३ साली निजामअली आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर ह्यांनी जानोजींस आपल्या बाजूस ओढले. पानिपतानंतर पेशव्यांची बाजू दुबळी होती. माधवराव वयाने लहान आणि चुलते राघोबादादांशी त्यांचे पटत नसे. निजामाच्या फौजेने पुणे लुटले, जाळले, आणि त्या वेळी नागपूरकर निजामाच्या पक्षात होते. ही गोष्ट पुण्याने कधी विसरली नाही, आणि आम्हांसही ती सांगताना संकोच वाटतो. परंतु थोड्याच महिन्यांत पुणेकरांनी बत्तीस लाखांच्या मुलुखाचे आमिष दाखविले व जानोजी निजामास सोडून बाजूस झाले. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरीकाठी राक्षसभुवन येथे लढाई झाली, निजामाचा मोड झाला आणि विठ्ठल सुंदर रणात पडला. साडेतीन शहाण्यांतील एक शहाणा असा गेला. ज्या मसलतीने त्याचा घात झाला ती पुण्यात सखारामबापू आणि नागपुरात देवाजीपंत मसलतीस असतानाची होती. शहाण्यांचा हा परस्परांशी खेळ चालला होता, आणि प्याद्यांच्या जागी गावे व माणसे होती.

ह्या व्यवहारात नागपूरकरांस मुलूख मिळाला, पण पत गेली. निजाम त्यांच्यावर रुष्ट झाला आणि पेशवेही त्यांच्यावर विश्वास ठेवीनात. परिणाम लवकरच दिसला. पेशवे आणि निजाम हे कालचे वैरी एक झाले, जानोजींवर चालून आले, आणि १७६६ च्या आरंभी बत्तीस लाखांपैकी चोवीस लाखांचा मुलूख परत द्यावा लागला. दोन्ही बाजूंशी बोलणे ठेवणाऱ्या राज्यावर ही पाळी केव्हा ना केव्हा येते. देवाजीपंतांच्या चरित्रातील पहिला मोठा दोष आम्ही येथे मांडतो. त्यांच्या मसलती एकेका प्रसंगापुरत्या अचूक असत. त्या एकमेकींशी जुळत नसत.

आता चांद्याच्या वेढ्याकडे वळू. १७६८ मध्ये राघोबादादांनी माधवरावांविरुद्ध बंड केले. जानोजींनी दादांस मदत देण्याचे ठरविले होते, पण नागपूरची फौज पोचण्यापूर्वीच धोडपच्या किल्ल्याजवळ दादांचा मोड होऊन ते कैद झाले. माधवराव आता मोकळे झाले होते, आणि पुण्याच्या लुटीचा हिशेब त्यांच्या मनात होता. ते जातीने नागपूरकरांवर निघाले. देवाजीपंत बोलणे करण्यास त्यांच्याकडे गेले असता त्यांस छावणीतच अडकवून ठेवण्यात आले. वकिलास धरू नये असा राजधर्म आहे. परंतु माधवरावांसारख्या न्यायी पुरुषानेही तो मोडला, ह्यावरून हा वकील बाहेर मोकळा असणे त्यांस किती धोक्याचे वाटत होते ते दिसते. दरबारची ह्याहून मोठी पावती देवाजीपंतांस दुसऱ्या कोणी दिली असेल असे वाटत नाही!

१७६९ च्या प्रारंभी पेशव्यांच्या फौजेने नागपूर लुटले व जाळले, भंडाऱ्याचा किल्ला घेतला आणि ती चांद्यावर आली. इरई व झरपट ह्यांच्या संगमावर वसलेल्या ह्या शहरास गोंड राजांनी चिरेबंदी परकोट बांधला होता. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर व बिनबा ह्या दरवाज्यांतून आपण आजही रोज जातो येतो. अलीकडे गावच्या तरुणांनी श्रमदान करून तटावरील झाडी व कचरा काढला, त्यामुळे बुरूज पुन्हा डोळ्यांस दिसू लागले आहेत. ह्याच तटाभोवती त्या वर्षी पेशव्यांच्या छावण्या पडल्या होत्या. जानोजी मात्र सामोरे येऊन लढले नाहीत. त्यांनी गनिमी काव्याची जुनी रीत धरली. हूल देत पश्चिमेस सरकले आणि थेट पुण्याच्या रोखाने निघाले. पुण्यात १७६३ ची आठवण ताजी होती. लोक घरेदारे सोडून पळू लागले. राघोबादादा शनिवारवाड्यात कैदेत होते, त्यांस जानोजी सोडवतील अशीही आवई उठली. माधवरावांस चांद्याचा वेढा उठवून मागे फिरणे भाग पडले.

ही हूल कोणी सुचविली? जुन्या इतिहासकारांनी आणि परंपरेने ह्याचे श्रेय पेशव्यांच्या छावणीत अडकलेल्या देवाजीपंतांस दिले आहे. पहाऱ्यात असतानाच त्यांनी गुप्तपणे आपल्या धन्याकडे मसलत पोचविली, असे सांगतात. चिठ्ठी कोणाच्या पागोट्यातून गेली, कोणाच्या जोड्यातून गेली, ह्याच्या नाना कथा आहेत. आम्ही त्यांच्या खरेपणाची ग्वाही देत नाही. परंतु चांद्याचा परकोट त्या वर्षी शत्रूच्या हाती पडला नाही, ही गोष्ट खरी आहे.

अखेर दोन्ही फौजा थकल्या. २३ मार्च १७६९ रोजी भीमेच्या काठी कनकापूर येथे तह झाला. ह्या तहाची कलमे प्रत्येक शिक्षकाने मुलांस समजावून सांगावीत अशी आहेत, कारण राज्याचे स्वातंत्र्य नेमके कोठे असते हे त्यांतून कळते. उरलेला आठ लाखांचा मुलूख परत गेला. सालिना पाच लाखांच्या घरात खंडणी ठरली. हुकूम होताच सहा हजार स्वारांनिशी चाकरीस हजर व्हावयाचे. पेशव्यांच्या परवानगीवाचून फौज वाढवावयाची नाही व कमीही करावयाची नाही. ही सारी कलमे पैशाची आणि फौजेची, म्हणून डोळ्यांत भरतात. खरे मर्माचे कलम निराळेच होते. दिल्लीचा पातशहा, अयोध्येचा नबाब, रोहिले, इंग्रज, निजाम ह्यांपैकी कोणाशीही नागपूरकरांनी राजकारणाचा पत्रव्यवहार करू नये, असे ते कलम होते. म्हणजे आपल्या देवाजीपंतांचे खातेच पुण्याने बंद करून टाकले!

तथापि त्या कलमास एक लहानसे दार ठेवले होते. ओरिसाच्या बाजूस इंग्रजांकडे आणि निजामाच्या दरबारी एकेक वकील ठेवण्यास मोकळीक होती, मात्र त्याने केवळ वसुलाच्या बाबींपुरते बोलावे. वाचकहो, चौथाई ही वसुलाचीच बाब नव्हे काय? १७६५ साली इंग्रजांनी बंगालची दिवाणी घेतली होती, आणि अलिवर्दीखानाने कबूल केलेले बारा लाख थकत चालले होते. इंग्रजांचे दुखणे असे की, त्यांचा बंगाल एका टोकास, मद्रास दुसऱ्या टोकास, आणि मध्ये भोसल्यांचा कटक प्रांत. कटक आम्हांस द्या, मग चौथाईचे पाहू, असा त्यांचा सूर असे. नागपूर म्हणे, आधी थकबाकी, मग बाकीचे. ह्या वसुलाच्या बोलण्याच्या आडून कलकत्त्याशी सारे राजकारण बोलता येत होते, आणि तहाचे कलमही अक्षरशः मोडत नव्हते. आमच्या अल्प बुद्धीप्रमाणे देवाजीपंतांच्या पुढील बारा वर्षांच्या राजकारणाची गुरुकिल्ली ह्या लहानशा दारात आहे.

मधल्या काळातील भाऊबंदकी आम्ही थोडक्यात आटोपतो. दत्तकाची मंजुरी घेण्यास जानोजी थेऊर येथे आजारी पेशव्यांच्या भेटीस गेले होते, ते परत येताना मे १७७२ मध्ये तुळजापूर येथे वारले. दत्तक होते मुधोजींचे पुत्र रघूजी. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरास माधवरावही गेले. मग मुधोजी आणि साबाजी ह्या दोघा भावांत गादीसाठी लढाई जुंपली. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळ पाचगाव येथे साबाजी मुधोजींच्या गोळीस बळी पडले. भावाने भावास मारावे आणि मग राज्यकारभार सुरळीत चालावा, असे त्या काळी घडत असे. चांद्याचे मुधोजी आता अज्ञान रघूजींच्या नावाने नागपूरचे राज्य चालवू लागले, आणि परराज्यांशी बोलण्याचे सूत्र देवाजीपंतांच्या हाती राहिले.

आता त्यांच्या आयुष्याचा शेवटचा आणि सर्वांत वादग्रस्त भाग.

कलकत्त्यास वॉरन हेस्टिंग्ज हा गव्हर्नर जनरल होता. त्याच्याकडे नागपूरचे वकील बेनीराम पंडित राहत. पुण्याशी इंग्रजांचे युद्ध सुरू झाले होते, आणि मुंबईकर इंग्रजांच्या मदतीस बंगालमधून एक फौज हिंदुस्थान ओलांडून पाठवावी असे हेस्टिंग्जने ठरविले. वाट भोसल्यांच्या मुलुखाजवळून जाणार होती. नागपूरला आपलेसे करावे म्हणून त्याने १७७८ साली अलेक्झांडर इलियट नावाचा आपला तरुण विश्वासू वकील पाठविला. तो वाटेत सारंगगडाजवळ तापाने वारला. जंगलच्या हिवतापाने मोठमोठी राजकारणे कशी उलटतात हे आपल्या भागातील लोकांस सांगावयास नकोच. मग त्या फौजेचा सेनापती गॉडर्ड ह्याने नर्मदेकाठी होशंगाबाद येथे मुक्काम ठोकून बोलणे चालविले. हेस्टिंग्जचे आमिष लहानसहान नव्हते. साताऱ्याचे रामराजे १७७७ च्या अखेरीस वारले होते. भोसले हे छत्रपतींच्याच आडनावाचे. तेव्हा साताऱ्याच्या गादीवर नागपूरकरांचा हक्क इंग्रजांच्या मदतीने उभा करावा, अशी ती सूचना होती.

कोणाही महत्त्वाकांक्षी दरबारास ही गोष्ट भुलविणारी होती. नागपूरने काय केले? गॉडर्डच्या फौजेस अडविले नाही, आदरातिथ्यात कसूर केली नाही, आणि तहावर मात्र शिक्का केला नाही. योग्य वेळ येऊ द्यावी, एवढाच त्या बोलण्याचा सारांश. काही आठवड्यांतच, जानेवारी १७७९ मध्ये, वडगाव येथे मराठ्यांनी मुंबईकर इंग्रजांस कोंडून शरण आणले. नागपूरने महिनाभर आधी इंग्रजांचा हात धरला असता तर त्याची काय गत झाली असती? ह्या एका प्रसंगी देवाजीपंतांची सबुरी शंभर नंबरी ठरली, असे आम्ही निःशंकपणे म्हणतो.

वडगावनंतर नाना फडणवीसांनी मोठा डाव मांडला. पेशवे, निजाम, हैदरअली आणि भोसले ह्या चौघांनी एकाच वेळी इंग्रजांवर चारी बाजूंनी उठावयाचे. हैदराने मद्रासेवर, भोसल्यांनी बंगालवर. हिंदुस्थानातील इंग्रजी सत्तेस असा धोका त्यापूर्वी कधी आला नव्हता, आणि पुढेही फार थोडे वेळा आला. नागपूरने कबुली दिली. १७७९ च्या दसऱ्यास मुधोजींचे पुत्र चिमणाजी ह्यांच्या हाताखाली सुमारे तीस हजारांची फौज सीमोल्लंघन करून निघाली. वऱ्हाडातला व्यापारी बैलगाडीने जितक्या दिवसांत कटकास पोचला असता त्याहून कमी दिवस ह्या स्वारांस लागले असतील असे वाटत नाही, कारण ते मे १७८० मध्ये तेथे पोचले! दसऱ्याहून वैशाखापर्यंत ही चाल चालली होती. ती चुकून मंदावली नव्हती. आपण दरबारच्या भिडेखातर निघालो आहोत, बंगालला उपद्रव देण्याचा हेतू नाही, असे हेस्टिंग्जला आतून कळविण्यात येत होते. हेस्टिंग्जने प्रथम तीन लाख रुपये गुपचूप पाठविले. कटकास गेल्यावरही ही फौज बंगालकडे न वळता ओरिसातीलच धेनकानालच्या राजाशी झुंजत राहिली. पुढे १७८१ मध्ये तेरा लाखांचा करार झाला, शिवाय कर्जाचीही बोली झाली. त्याच वेळी कर्नल पिअर्सची इंग्रजी फौज बंगालमधून निघून भोसल्यांच्या ओरिसातून सुखरूप मद्रासेकडे गेली. हैदराने १७८० मध्ये कर्नाटकात इंग्रजांची दाणादाण उडविली होती. त्या बुडत्या मद्रासेस ही मदत पोचली ती आपल्या नागपूरकरांच्या मुलुखातून.

पुणेकर ग्रंथकारांनी ह्यास फितुरी म्हटले आहे. आम्हीही तरुणपणी तसेच म्हणत असू. वय झाल्यावर दुसरी बाजू दिसू लागली, ती अशी. नागपूरच्या खजिन्यात फौजेचा पगार देण्यापुरता पैसा नव्हता. पगार थकला की शिपाई सरदाराच्या दारात धरणे धरून बसत. तीस हजार माणसे घेऊन बंगालवर तुटून पडावे आणि मागे निजाम किंवा पुणे ह्यांनीच दगा करावा, असा धोका होता. नागपूरच्या घराला १७६६ आणि १७६९ ह्या दोन्ही साली पुण्याचा अनुभव आला होता. कनकापूरच्या तहाने ज्यांनी आपले परराज्य खाते बंद केले त्यांनीच आता सोयीप्रमाणे ते उघडून आपल्यासाठी लढण्यास सांगावे, हे देवाजीपंतांच्या मनास कसे लागले असेल? बंगालची चौथाई थकलेली होतीच. मग युद्ध न करताच काही लाख हाती येत असतील तर राज्याच्या कारभाऱ्याने ते का नाकारावे? त्यांच्या मसलतीमागे हे एवढे कारण होते. चिमणाजींच्या त्या फौजेत कटकावरून जी माणसे परतली त्यांत ह्या झाडीपट्टीतील कितीतरी घरांचे कर्ते पुरुष असतील. ते जिवंत आले, हेही हिशेबात धरले पाहिजे.

हे सारे मान्य करूनही आमचा निर्णय त्यांच्या विरुद्धच जातो. त्यांनी नागपूरचा विचार केला, आणि नागपूर ज्याच्या आधारावर उभे होते त्या मराठी राज्यमंडळाचा विचार केला नाही. मद्रास वाचली, बंगाल निर्धास्त राहिला, आणि त्याच इंग्रजांनी १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक व वर्धेपलीकडील वऱ्हाड नागपूरकरांकडून घेतले. १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, आणि मे १८१८ मध्ये चांद्याच्या ज्या परकोटास पेशव्यांचा वेढा जिंकता आला नव्हता त्यास तोफांनी खिंडार पडले. किल्लेदार गंगासिंग तेथे लढता लढता पडला. मागच्या बाकावरील मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देऊ की, १७७९-८० मध्ये कटकाच्या वाटेवर घालविलेले सात महिने हे त्याचे एक कारण होय. एकच कारण नव्हे, हे सांगणेही जरूर आहे. देवाजीपंतांमागून आलेल्यांनी पंतांइतके डोके चालविले असते तर कदाचित कटक वाचलेही असते.

कारण पंतांची मसलत येथे संपलेली नव्हती. १७८१ च्या मध्यास हेस्टिंग्ज युद्धास कंटाळला होता. नागपूरने मध्यस्थी करून पुण्याशी तह घडवावा असे त्याच्या मनात आले. तो काशीस जाणार होता आणि नागपूरचे दिवाकर पंडित तेथे येऊन त्यास भेटणार असे ठरले होते. वाचकांनी ह्या भेटीचे महत्त्व लक्षात घ्यावे. बारा वर्षांपूर्वी ज्या राज्यास परराज्याशी पत्रव्यवहार करण्याची बंदी झाली होती, तेच राज्य आता पुणे आणि कलकत्ता ह्यांच्यामध्ये बसून तह घडवून आणणार होते. ते घडले असते तर पंतांच्या साऱ्या संथ चालीचा अर्थ निराळा लागला असता. कोणाकडेही झुकावयाचे नाही, आणि शेवटी दोघांनाही आपली गरज पडावी, हाच त्यांचा मूळ बेत असला पाहिजे.

पण भेट झाली नाही. देवाजीपंत त्यापूर्वीच १७८१ साली वारले. त्याच वर्षी सखारामबापूंचाही नानांच्या कैदेत रायगडावर अंत झाला. पुरे तीन शहाणे संपले आणि अर्धा तेवढा उरला.

हेस्टिंग्ज काशीस गेला. तेथे राजा चेतसिंगाशी त्याचा बखेडा होऊन शिपाई मारले गेले, आणि ऑगस्टमधील एका रात्री त्यास चुनारच्या किल्ल्याकडे पळ काढावा लागला. त्या पळापळीत नागपूरचे वकील बेनीराम पंडित व त्यांचे बंधू विश्वंभर पंडित त्याच्या सोबत पायी चालत गेले, आणि त्याची अडचण पाहून त्यांनी काशीतील आपले एक लाख रुपये त्यास देऊ केले. ही हकीकत हेस्टिंग्जने स्वतः लिहून ठेविली आहे. वकील निष्ठेने वागला हे खरे, पण कोणाशी, असा प्रश्न पडतो. पंत हयात असते तर ते लाख रुपये असे सहजासहजी देऊ झाले नसते, निदान त्यांचा काही मोबदला कागदावर आला असता, अशी आमची समजूत आहे.

पुण्याशी इंग्रजांचा तह व्हावयाचा तो झालाच. १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे तो ठरला. मध्यस्थ होते महादजी शिंदे. नागपूरकरांची त्यात मध्यस्थी नव्हती. तेथून पुढे इंग्रजांस मराठी दरबारांशी बोलावयाचे असले म्हणजे ते महादजींकडे जात. मुधोजी १७८८ पर्यंत जगले व दुसऱ्या रघूजींची कारकीर्द पुढे पुष्कळ वर्षे चालली, परंतु नागपूरच्या कारभाऱ्याची वाट पाहत कोणी गव्हर्नर जनरल पुन्हा काशीत थांबला नाही.